फडक्यात गुंडाळलेला बत्ता

“भिंत एकच आहे हं, पोरी,” घरमालकीण स्तमातिया मावशीने खोलीची किल्ली हातावर ठेवता ठेवता सांगितलं होतं. “तुझं स्वयंपाकघर आणि किरा आसिमोचं, मध्ये एवढीशी भिंत. तिकडचं इकडे ऐकू येतं. वरच्या आळीत आता तुम्ही आणि ती, एवढीच माणसं. बाकी सगळ्या घरांना कुलुपं. कधी काही वेगळं कानावर आलं तर जाऊन बघ. म्हातारी हाका मारणाऱ्यातली नाही.”

मिरसिनीने मान डोलावली, पण तिचं सगळं लक्ष जिन्याकडे होतं. जिन्याला कठडा नव्हता. बाल्कनीच्या गजांमधून बाळाचं डोकं जाईल का, चुलीजवळचा सिलेंडर गळत तर नाही ना, पाणी उकळून द्यावं लागेल का, हे हिशेब तिच्या डोक्यात एकदम सुरू झाले होते. स्तमातिया मावशी गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, “आपण सुट्टीला आलोय की लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळायला?”

थिमिओस हसला. तो पोहण्याची चड्डी शोधत होता.

ऑगस्टमध्ये त्यांच्या लारिसा शहराचं मैदान तव्यासारखं तापतं. तिथून निघून प्लाताकियाला आलं की अंगावरून ओला हात फिरावा तसं वाटतं. गाव डोंगराच्या कुशीत, काळ्या दगडाच्या छपरांचं, सफरचंदांच्या बागांत बुडालेलं. चौकात चिनाराचं झाड आणि दोन कॉफीची दुकानं. गाडी तिथपर्यंतच, पुढे दगडी पायवाट. खाली, फार खाली, समुद्र. थिमिओसला समुद्र हवा होता. मिरसिनीला झोप हवी होती. बेबाला दात येत होते, आणि तिच्या जन्मापासून मिरसिनीची सलग झोप अशी झालीच नव्हती. लेकीचं नाव ठरलेलं होतं, पण बाप्तिस्मा सप्टेंबरात व्हायचा होता, म्हणून तोवर सगळे तिला नुसतं बेबा म्हणत.

मिरसिनी शिकलेली बाई. अन्न तपासायच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. कशात कोणते जंतू वाढतात हे ठाऊक असणं हा तिला शापच झाला होता. रात्री उठून ती बेबाच्या नाकाजवळ बोट धरायची. अंधारात नुसत्या श्वासावरून तिला कळायचं, नाक चोंदलंय की स्वप्न पडतंय.

दुसऱ्याच सकाळी किरा आसिमो भेटली. किरा म्हणजे बाई, म्हाताऱ्या बायकांना इथे मानाने तसंच म्हणत. काळा झगा, काळा रुमाल, दाराशेजारच्या दगडी बाकावर पाय सोडून बसलेली. दाराच्या कुलपात बाहेरूनच किल्ली लटकत होती. वरच्या आळीची ती रीतच. किल्ली दाराला म्हणजे माणूस घरात.

“अगं ए, पोरीचे पाय उघडे का?” तिने पहिल्याच वाक्याला विचारलं. “लारिसात मोजे मिळायचे बंद झाले की काय?”

“किरा आसिमो, ऑगस्ट आहे.”

“ऑगस्टातच सर्दी होते. डिसेंबरात सगळेच जपतात.” मग ती वाकली, बेबाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि “थू थू थू, दृष्ट नको लागायला” म्हणत तीनदा थुंकल्यासारखं केलं. केल्यासारखंच, पण दातांत फटी असल्यामुळे एकदोन थेंब उडालेच.

मिरसिनीने तिच्यासमोरच ओला कागदी रुमाल काढून बेबाचा गाल पुसला.

“पूस, पूस,” म्हातारी म्हणाली. “माझी थुंकी गेली, तुझा साबण लागला. बघू कुठला टिकतो.”

थिमिओस खो खो हसला. मिरसिनी हसली नाही. पण खरा खटका उडाला तो मधावरून. दोन दिवसांनी ती दोरीवर कपडे वाळत घालत होती. बेबा चादरीवर बसली होती. वळून बघते तो म्हातारीचं बोट बेबाच्या तोंडात.

“काय दिलंत तिला?”

“मध. हिरड्यांना बरं असतं.”

“वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो! त्यात जंतू असतात, जिवावर बेततं! कुणाला विचारून दिलात?” मिरसिनीने बेबाला उचललं, तिच्या तोंडात बोट घालून मध काढला, कपड्यांची टोपली तशीच टाकली.

“मी तिघांना मधावरच वाढवलं गं,” म्हातारी म्हणाली. आवाजात चोरी पकडली गेल्यासारखं काहीतरी होतं. “एक ऑस्ट्रेलियात आहे. एक जर्मनीत. एक इथेच आहे, चर्चमागे.”

चर्चमागे दफनभूमी होती. मिरसिनी क्षणभर थांबली. पण लेक तिच्या कडेवर रडत होती आणि तिच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशा नाचत होत्या. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

त्याच दिवशी दुपारी भिंतीपलीकडून कुटण्याचा आवाज सुरू झाला.

मेरीमातेच्या सणाआधीचे उपवास चालू होते. मांस नाही, दूध नाही, चीज नाही. किरा आसिमो उकडलेल्या भाज्यांबरोबर लसणाची चटणी खायची. लसूण, शिळा पाव, तेल, सगळं पितळी खलबत्त्यात कुटून. ठक ठक ठक ठक, मग कडेला खरडल्याचा आवाज, मग पुन्हा ठक ठक ठक ठक. आणि हे भर दुपारी. जेवण झाल्यापासून ऊन कलेपर्यंत साऱ्या देशात खिडक्या मिटलेल्या असतात, मुलांच्या हातून चेंडू काढून घेतलेला असतो, शेजारी शेजाऱ्यावर पोलीस बोलावतो तो याच वेळच्या गोंगाटासाठी. मिरसिनीला स्वतः लहानपणी या वेळेला चमचा खाली पडला म्हणून धपाटा मिळाला होता.

बेबा दचकून उठली. मिरसिनी अनवाणी बाहेर गेली.

“किरा आसिमो, तुम्ही इतक्या मोठ्या, तुम्हाला शांततेची वेळ मी सांगायची?”

म्हातारी हातात बत्ता घेऊन दारात आली. “अगो बाई. एकटीला वेळेचं भान राहत नाही बघ. भूक लागली की कुटते. आधी पलीकडे कुणी नसायचं ना.”

“आता आहे.”

“आता आहे,” म्हातारीने मान हलवली. “मेरीमातेची शपथ, पोरी. झोपेच्या वेळी बत्त्याला हात लावणार नाही.”

आणि तिने शब्द पाळला. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच कुटायची, तेही खलबत्ता उचलून पार बागेच्या टोकाला, सफरचंदाखाली नेऊन. वजनाने वाकून, थांबत थांबत. थिमिओस एकदा म्हणाला, “अगं, तिला उचलून तरी देतो.” मिरसिनी म्हणाली, “दे. पण बेबाला तिच्या हातात देऊ नकोस.” पुढे दोघींचं नीट चाललं होतं. म्हणजे बोलणं नव्हतं.

सणाचा दिवस उजाडला तेव्हा उपवास सुटला. पहाटेपासून घंटा. गाव सगळं खालच्या चर्चमध्ये, तिथून चौकात, मोठमोठ्या कढयांत बकऱ्याचं मटण, संध्याकाळी नाच. थिमिओस समुद्रावर गेला होता, परस्पर चौकात येणार होता. बेबाने रात्रभर रडून घर डोक्यावर घेतलं होतं. सकाळीही थांबली नाही. दुपारी केव्हातरी, कुशीत, घामेजलेली, तिचा डोळा लागला. मिरसिनीने श्वास रोखून तिला खाली ठेवलं, खिडकीच्या फळ्या मिटल्या आणि शेजारी आडवी झाली.

ठक.

तिने डोळे उघडले. पुन्हा शांत. मग, बऱ्याच वेळाने, ठक.

बेबाची पापणी हलली.

ठक.

पुढे मिरसिनी हा क्षण पुन्हा पुन्हा उलगडून पाहायची. आवाज खालून येत होता, जमिनीलगतून. त्यात कुटण्याची लय नव्हती, खरडणं नव्हतं. उपवास सुटलेल्या दिवशी, साऱ्या गावात मटण शिजत असताना, लसणाची चटणी कोण कुटेल? आणि शपथ घेऊन आठवडाभर ती पाळणारी बाई आजच का मोडेल? श्वासावरून चोंदलेलं नाक ओळखणाऱ्या मिरसिनीला यातलं काही ऐकू आलं नाही. तिला ऐकू आलं ते एवढंच, की म्हातारी सूड उगवतेय.

ती उठली, पायातली सपात काढली आणि खाली स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवर हाणली, एकदा, दोनदा.

“लाज वाटत नाही?” ती दात आवळून, दबक्या आवाजात पण भिंतीपार जाईल अशी ओरडली. “शपथ घेतली होतीत ना? माझं पोर आत्ता झोपलंय! मरू दे तुमची चटणी!”

पलीकडे एकदम शांत झालं.

तिने थोडं थांबून कानोसा घेतला. काही नाही. मग कुठूनतरी अगदी मऊ, उशीवर थोपटल्यासारखा आवाज आला, तो तिने बागेत सफरचंद पडण्यावर ढकलला. वर जाऊन लेकीच्या शेजारी आडवी झाली आणि जिंकल्याच्या समाधानात अशी झोपली, अशी झोपली, की महिन्यांची थकबाकी त्या एका दुपारी फिटली. स्वप्नसुद्धा पडलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर तिरपं झालं होतं. बेबा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याशी खेळत होती. कॉफी करून मिरसिनी तिला घेऊन बाल्कनीत आली तेव्हा खालच्या वळणावरून स्तमातिया मावशीने हाक घातली. हातात रुमालात बांधलेला चर्चचा प्रसादाचा पाव.

“मिरसिनी, ए! किरा आसिमो आज चर्चला दिसली नाही गं. पुतण्या गाडी घेऊन येणार म्हणत होती, त्याच्या गावाला गेली वाटतं. तुला काही आवाज बिवाज?”

मिरसिनीला आठवली ती सपात. मावशी विचारणार, कसला आवाज, मग तू काय केलंस.

“नाही मावशी,” ती म्हणाली. “सगळं शांत आहे.”

“मग गेली असणार. बरं झालं, तेवढाच बदल. तू ये हो नाचाला, पोरीला घेऊन!” आणि मावशी पाव घेऊन परत उतरू लागली.

मिरसिनीने कॉफीचा घोट घेतला. किरा आसिमोच्या दाराशी तिचं मांजर बसून ओरडत होतं. दाराला तोंड लावून, थांबून, पुन्हा. मिरसिनीची नजर मांजरावरून वर गेली आणि दारावर अडकली.

किल्ली कुलपात होती.

कप हातातून सुटला की तिने ठेवला ते तिला आठवत नाही. बेबाला कडेवर घेऊन ती कठडा नसलेला तो जिना धावत उतरली. आयुष्यात पहिल्यांदा तिने पायऱ्यांकडे पाहिलं नाही.

आत अंधार होता. किरा आसिमो टेबल आणि चूल यांच्या मधे जमिनीवर पडली होती, एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. ओट्यावरून लोंबणारं फडकं ओढून तिने वरचा खलबत्ता पाडला असावा. मधल्या भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर, चुना उडून खड्डे पडले होते. आणि बत्ता तिच्या हातात होता. त्याच्या टोकाभोवती तिने तेच भांडी पुसायचं फडकं गुंडाळलं होतं, एकदा नाही, दोनदोनदा, नीट, आवाज होऊ नये म्हणून. खड्ड्यांच्या बाजूला फडक्याचे ओलसर ठसे होते. म्हणजे ती थांबली नव्हती. ती हळू ठोकत राहिली होती.

म्हातारीचे ओठ फाटले होते. डोळे उघडे होते. तिने मिरसिनीच्या कडेवर पाहिलं.

“पोर उठलं का?” ती म्हणाली. “मी हळूच केलं गं नंतर.”

मिरसिनी खाली बसली. तिला वाटलं आता जमीन फाटावी. तिने ओंजळीने पाणी पाजलं, दारात येऊन ओरडली, “मावशी! मावशी! या, धावा!” डोंगरभर आवाज गेला असेल. खाली वाजंत्री थांबली. पायवाटेवर पावलं वाजू लागली.

आणि त्या मधल्या वेळात, माणसं येईपर्यंतच्या त्या चार श्वासांत, मिरसिनीने जे केलं ते ती सपातेपेक्षाही विसरू शकत नाही. ती परत आत गेली. म्हातारीच्या बोटांतून बत्ता सोडवला. फडकं उलगडलं, झटकलं, खिळ्याला अडकवलं. बत्ता खलात ठेवला आणि खल ओट्यावर. स्टूल ओढून भिंतीच्या खड्ड्यांसमोर सरकवलं. हात आपोआप चालत होते, जसे प्रयोगशाळेत काम संपल्यावर चालतात.

किरा आसिमो जमिनीवरून हे सगळं बघत होती.

मग माणसं आली. स्तमातिया मावशी, तिचा भाऊ, चर्चमधला गायक, ओल्या केसांचा थिमिओस. रुग्णवाहिका चौकापर्यंतच येणार होती, म्हणून बागेच्या फाटकाचं दार काढून आणलं, वर गादी घातली. उचलताना म्हातारी कळवळली. मावशीचा जीव वरखाली होत होता, आणि जीव वरखाली झाला की तिची जीभ सैल सुटायची.

“सकाळपासून पडलीय की काय! अगं मिरसिनी, तू भिंतीपलीकडे होतीस! मी सांगितलं होतं ना तुला? काहीच कसं ऐकलं नाहीस?”

सगळे तिच्याकडे बघू लागले. थिमिओससुद्धा.

मिरसिनीने तोंड उघडलं.

“तिला काय ऐकू येणार?” फाटकाच्या दारावरून किरा आसिमो म्हणाली. दम लागला होता, पण सूर तोच, बाकावरचा. “मी काय कोंबडा आहे आरवायला? झोपेची वेळ होती. मी गप्प पडून होते. आता चला रे, की इथेच पुरताय?”

कुणीतरी ओठात हसलं. दार हललं. मिरसिनीने तोंड मिटलं.

तेवढं एक वाक्य तिला तेव्हा बोलता आलं असतं. “मी ऐकलं होतं.” दोन शब्द, फार तर तीन. ती मूग गिळून उभी राहिली, आणि पायवाटेच्या वळणावर तो पांढरा गोळा, म्हातारीच्या अंगावर टाकलेली चादर, दिसेनासा झाला. थिमिओसने बेबाला तिच्या कडेवरून घेतलं. बेबाच्या पायात मोजे नव्हते. त्या घाईत कुणाच्या लक्षात येणार?

रात्री सामान भरताना थिमिओस स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ परतला नाही. “इथे भिंतीला काय झालंय?” त्याने तिथूनच विचारलं. पांढऱ्या चुन्यावर सपातेच्या तळाचे दोन ठसे होते.

“झुरळ होतं,” मिरसिनी म्हणाली.

ओल्या फडक्याने त्याने ठसे पुसले. पुरते गेले नाहीत.

किरा आसिमो वाचली. मांडीचं हाड मोडलं होतं, ते खालच्या शहरात इस्पितळात बसवलं. ऑस्ट्रेलियातून फोन आला, जर्मनीतून मुलगी दोन आठवडे येऊन गेली. पुतण्या म्हणाला, माझ्याकडे चल. ती म्हणाली, “तुझ्या बायकोच्या हातचं खाऊन मरण्यापेक्षा माझ्या हातचं खाऊन मरेन,” आणि वॉकरच्या आधाराने आपल्या घरी परत आली. हे सगळं मिरसिनीला स्तमातिया मावशीकडून फोनवर कळायचं. “तिला देऊ का फोन? इथेच आहे,” मावशी एकदा म्हणाली. मिरसिनीने बेबा रडतेय असं सांगून फोन ठेवला. बेबा समोर बसून चमचा चोखत होती.

बाप्तिस्मा झाला, बेबाला नाव मिळालं, दातही आले. ऑक्टोबरात एका रविवारी मिरसिनी एकटी गाडी घेऊन प्लाताकियाला गेली. मनात वाक्य घोकलेलं होतं. गाडी चौकात लावली, पायवाटेने निम्मी चढली. आळीत दुपारची शांतता होती. आणि वरून आवाज आला. ठक ठक ठक ठक, मग कडेला खरडल्याचा, मग पुन्हा. भर दुपारी. पलीकडे कुणी नव्हतं, म्हणून शपथही सुटली होती.

मिरसिनी तिथेच दगडावर बसून ऐकत राहिली. तिचा जीव भांड्यात पडला. जिवंत आहे, हिंडते आहे, भूक लागते आहे. आता वर जाऊन जुनं उकरण्यात काय अर्थ, असं तिने स्वतःला समजावलं, आणि ते समजावणं किती खोटं आहे हे कळत असतानाच ती उतरून गाडीत बसली. नेलेली मोज्यांची छोटी जोडी पुढच्या सीटवर तशीच होती.

आता थंडी पडली आहे. स्तमातिया मावशी खोल्या बंद करून लेकीकडे शहरात उतरली आहे, वसंतापर्यंत ती वर जाणार नाही. वरच्या आळीत आता एकच धूर निघतो. भिंतीच्या अलीकडे कुणीच नाही, ऐकायला आणि न ऐकायलाही. रात्री मिरसिनी लेकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते आणि मग जागीच राहते, कान कशाकडे लावावा हे न कळून. त्या बाजूला जाणारं कुणीही भेटलं, ट्रकवाला, सफरचंदांचा व्यापारी, बर्फ बघायला निघालेले मैत्रिणीचे सासूसासरे, की ती त्यांना थांबवते आणि तेच सांगते. का, ते मात्र अजून कुणाला सांगितलेलं नाही. ते आता तुम्हालाच ठाऊक आहे. म्हणून ती तुम्हालाही सांगते आहे:

“प्लाताकियाच्या चौकात गाडी ठेवा, चिनाराच्या डाव्या हाताने वर जा. शेवटचं घर, दाराशी दगडी बाक, एक मांजर. किल्ली दाराला असेल. दुपारची वेळ असली तरी ठोठावा, जोरात ठोठावा. ती तुम्हाला शिव्या घालेल, घालू द्या. आणि आतून काहीच आलं नाही, किंवा उशीवर थोपटल्यासारखं काहीतरी अगदी हळू आलं, तर मागे फिरू नका. किल्ली फिरवा आणि आत जा.”